भिशीचा नंबर कोणाला लागला?

हे प्रकरण जळगावातल्या एका छोट्या रोजगार संस्थेचं आणि तिला महिन्याच्या महिन्याला पैसे देणाऱ्या आमच्या चौदा जणांच्या ग्रुपचं आहे. काळ दिवाळी २०२२ ते फेब्रुवारी २०२५. मी ग्रुपातलाच एक, म्हणजे तटस्थ वगैरे अजिबात नाही, ते आधीच सांगून टाकतो. नावं कोणाचीच घेतलेली नाहीत आणि दोन-तीन ठिकाणी गावाचा-कारखान्याचा तपशील मुद्दाम फिरवलाय, कारण जळगाव काही एवढं मोठं नाही की लोक ओळखणार नाहीत.

पार्श्वभूमी

दिवाळी झाली होती, थंडी पडायला लागली होती आणि पुण्याला परत जायच्या आदल्या रात्री एका मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, कळण्याच्या पुऱ्या यायच्या होत्या, तोवर गप्पा. कोणाच्या तरी आईच्या भिशीचा विषय निघाला, वीस बायका, दर महिन्याला चिठ्ठी, ज्या बाईचा नंबर लागेल तिचा फ्रीज नाहीतर पोत. तेव्हा हिंजवडीत काम करणारा एक जण म्हणाला की आपणही भिशी लावू, फक्त नंबर आपल्यातल्या कोणाला लागायचाच नाही, दर वेळी बाहेरच्याला. सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुप झालेला होता.

चौदा जण झालो. पाच पुण्यात आयटीत (विप्रोची सुरुवात १९४५ साली आमच्याच अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली आणि तसल्या कंपन्यांत काम करायला आम्हाला हिंजवडी गाठावी लागते, असो), एक सीए, एक बँकेत, दोन डॉक्टर, एक एमआयडीसीत प्रॉडक्शनला, एक दुबईला, एक स्पर्धा परीक्षा सोडून क्लासेस घेणारा, दोन महावितरणात. सगळे २६ ते ३३ वयाचे. महिन्याला हजार रुपये प्रत्येकी.

संस्था सुचवली डॉक्टरांपैकी एकीने. दोन भाड्याच्या खोल्या, तीन माणसं. संस्था चालवणाऱ्या ताई पन्नाशीच्या, त्यांच्यासोबत गावोगाव फिरणारा एक दादा आणि रजिस्टर-कॉम्प्युटर बघणारी एक मुलगी. काम असं की एरंडोल, धरणगाव, जामनेर, चोपडा भागातली बारावी झालेली, आयटीआय केलेली, बीए अर्धवट सोडलेली पोरं-पोरी शोधायची, त्यांचे कागद नीट करायचे, बायोडाटा बनवायचा, मुलाखतीची तयारी करून घ्यायची आणि चटईचे कारखाने, डाळ मिल, पाइप कंपन्या, शोरूम, हॉस्पिटल, जिथे जागा असेल तिथे लावून द्यायचं. कागद म्हणजे साधी गोष्ट वाटते पण दहावीच्या मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर पीएफचं खातंच नीट होत नाही, अशी केस त्यांच्याकडे दर आठवड्याला असायची.

आम्ही गेलो तेव्हा त्यांचा सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचा) एक प्रोजेक्ट नुकताच संपला होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर घालावे लागतात, त्यातून एका कंपनीने वर्षभर ट्रेनिंगला पैसे दिले होते. हिशोब होता "किती जणांना ट्रेनिंग दिलं" याचा. ट्रेनिंग घेऊन पोरगं नोकरीत टिकलं का, हा रकानाच त्या फॉरमॅटमध्ये नव्हता.

अडचण काय होती

ते आम्हाला कळायला आठ महिने लागले, हे पहिलं लाजिरवाणं सत्य.

ताईंच्या रजिस्टरमध्ये दिसायचं की पोरं जॉइन होतात आणि पहिल्या चार-पाच आठवड्यांतच गळतात. कारखानदारांचं उत्तर ठरलेलं, "आजकालच्या पोरांना कामच करायचं नाही ताई." खरं सांगतो, आमच्यातल्या निम्म्यांनाही तेच वाटायचं, कोणी बोलत नव्हतं एवढंच.

२०२३ च्या जुलैत मी आणि बँकेतला मित्र एक दिवस संस्थेत बसून होतो. धरणगावच्या पुढच्या एका गावातला पोरगा आला होता, आयटीआय फिटर, त्याला एका युनिटमध्ये ३ तारखेपासून ये म्हणून सांगितलेलं. ताई त्याचं अभिनंदन करत होत्या आणि हा पठ्ठ्या चपलेच्या अंगठ्याशी खेळत खाली बघत होता. मग म्हणाला, "नोकरी ते भेटी जाई ताई, पन येवा-जावानं भाडं कोन दी?"

ताईंनी वहीचं मागचं पान उघडलं आणि त्याच्यासोबत हिशोब मांडला. एसटीचा मासिक पास, जो २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो म्हणून स्वस्त पडतो, पण ते पैसे एकदम आधी भरावे लागतात. नवीन बसस्टँडवर उतरून एमआयडीसीपर्यंत शेअर रिक्षा, दोन्ही वेळची. सेफ्टी शूज कंपनी देणार नाही, स्वतःचे आणायचे. फोटो, झेरॉक्स, मेडिकल. सगळं मिळून साडेतीन हजाराच्या आसपास गेलं. आणि पगार कधी? कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला पाहिजे, म्हणजे ३ ला जॉइन झालेल्याला सगळं नियमाने झालं तरी पस्तीस दिवस खिशातून चालवायचंय, आणि ठेकेदाराकडे असेल तर ७ ची १५ कधी होते कळत नाही. त्याच्या घरी त्या वेळी कपाशीच्या लागवडीचे पैसे अडकलेले. जुलैत खानदेशातल्या कोणत्या शेतकऱ्याच्या घरी साडेतीन हजार मोकळे असतात?

त्याउलट सुरतला जाणं सोपं. गावातलं कोणीतरी उधना-लिंबायतला असतंच, भुसावळ-सुरत लाइनची गाडी पकडायची, पोचल्यावर राहायला खोली त्याचीच, जेवण त्याच्याकडे, पगार झाला की द्यायचे. म्हणजे सुरतेत पहिल्या पगारापर्यंत उधारीची सोय आहे आणि जळगावात, स्वतःच्या घरापासून तासाभरावर, ती नाही. हे गणित ताईंना वर्षानुवर्षं माहीत होतं. मी विचारलं की मग आम्हाला आधी का नाही सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच नाही ना भाऊ. तुम्ही कॉम्प्युटर आणले."

कोणते पर्याय होते

तर ते कॉम्प्युटर. सुरुवातीला, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ग्रुपवर पाच गोष्टींवर चर्चा झाली होती.

एक, कॉम्प्युटर लॅब. दिसते, फोटो येतो, आयटीवाल्यांना जवळची वाटते. दोन, प्रत्येकाने एकेक पोरगं दत्तक घ्यायचं. हे ऐकायला गोड पण क्लासवाल्या मित्राने सरळ विचारलं की तुझं पोरगं नोकरी सोडून सुरतला गेलं तर तू रुसणार का, आणि चौदा जण चौदा पोरांना रात्री फोन करून सल्ले देणार हे त्या पोरांना झेपेल का. तीन, स्वतःचाच ट्रस्ट काढायचा. यावर सीए मैत्रीण जवळजवळ ओरडलीच, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, मग १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला टॅक्समाफी), मग ८०जी (देणगीदाराला टॅक्सची सूट), आणि हे सगळं फुकटात कोण करणार तर मीच. विषय बंद. चार, ऑनलाइन क्राउडफंडिंग, एकदाच मोठी रक्कम उभी करायची. पाच, संस्थेला दर महिन्याला पैसे द्यायचे आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्यायचं.

पाचव्या पर्यायाला पाच मतं पडली, लॅबला नऊ. बाकी शून्य.

पहिल्या पाच महिन्यांचे सत्तर हजार जमले, त्यात सहा सेकंडहँड कॉम्प्युटर, टेबलं, इन्व्हर्टर. एप्रिल २०२३ मध्ये लावले. पत्र्याची खोली, बाहेर ४४-४५ डिग्री, दोन मशीन मे महिन्यातच गेली. शिकवणाऱ्याचा पगार आम्ही धरलाच नव्हता. आजही त्यातले तीन चालू आहेत, पोरांचे बायोडाटा त्यावरच होतात, म्हणजे अगदी पाण्यात गेले असं नाही, पण सत्तर हजारात किती जणांचं भाडं निघालं असतं हा हिशोब बँकेवाल्याने नंतर ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस कोणी काही बोललं नाही.

पैसे कोणत्या वाटेने द्यायचे

हा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण असा ग्रुप काढणाऱ्या प्रत्येकाचं इथेच अडतं म्हणून लिहितो.

सुरुवातीला सगळे माझ्या खात्यात पाठवायचे आणि मी एकरकमी संस्थेला. दोन महिन्यांनी सीए मैत्रिणीने थांबवलं. एक तर पावती माझ्या एकट्याच्या नावाने येणार, दुसरं म्हणजे माझ्या खात्यात दर महिन्याला तेरा जणांकडून पैसे का येतात हे उद्या कोणी विचारलं तर मी काय भिशी-भिशी म्हणत बसणार? तेव्हापासून प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात टाकायचे, यूपीआयचं ऑटोपे लावून, आणि ग्रुपवर फक्त "टाकले" एवढं लिहायचं.

मग ८०जी चा गोंधळ. ही सूट फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये मिळते, आणि २,००० च्या वर रोख दिले तर तिथेही नाही. आमच्यातले बहुतेक नव्या रिजीममध्ये गेलेले, म्हणजे त्यांना पावतीचा टॅक्ससाठी शून्य उपयोग. एक जण हे कळल्यावर हळूच बंद झाला. बाकीच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण या निमित्ताने कळलं की संस्थेने १०बीडी फॉर्म (कोणी किती देणगी दिली याची टॅक्स खात्याला द्यायची यादी) भरलेलाच नव्हता, जो ३१ मेपर्यंत भरायचा असतो, त्यावरूनच देणगीदाराला १०बीई सर्टिफिकेट मिळतं आणि उशीर झाला की दिवसाला २०० रुपये लागतात. ताईंच्या जुन्या सीएने हे कधी सांगितलंच नव्हतं म्हणे. आमच्या मैत्रिणीने तीन शनिवार बसून देणगीदारांचे पॅन गोळा केले, फॉर्म भरला, पुढच्या वर्षासाठी एक साधी एक्सेल शीट लावून दिली. माझ्या मते तिचे ते तीन शनिवार आमच्या सगळ्यांच्या वर्षभराच्या हजार-हजार रुपयांपेक्षा संस्थेला जास्त उपयोगी पडले, ती मात्र हे वाचून चिडणार.

तिसरं, परदेशातले पैसे. दुबईवाल्या मित्राचा पासपोर्ट भारताचा, त्याने बँकेतून पाठवले तर ते परदेशी देणगी धरत नाहीत, त्यामुळे त्याचा प्रश्न नव्हता. पण न्यू जर्सीतल्या एका वर्गमित्राने हे ऐकून एकदम पाचशे डॉलर देतो म्हणून सांगितलं. तो अमेरिकन नागरिक झालेला. म्हणजे एफसीआरए, परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, लागणार, संस्थेकडे ते नाही, आणि असलं तरी ते पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. त्याला नाही म्हणावं लागलं. त्याने सुचवलं की आईच्या खात्यात पाठवतो, आई देईल. ग्रुपातले तीन-चार जण "चालतंय ना" म्हणत होते. ताईंनीच हात जोडले, एवढ्या पैशांसाठी संस्था अडचणीत नको. तेव्हा आम्हाला ते जरा अति वाटलं होतं, आता नाही वाटत.

उसने की मदत

जुलैच्या त्या दिवसानंतर ठरलं की आता पैसा एकाच गोष्टीवर, जॉइनिंगपासून पहिल्या पगारापर्यंत. कागदोपत्री मोठं नाव होतं, सगळे "भाड्याचा फंड" म्हणायचे. सरासरी दोन हजार, कोणाला बाराशे, कोणाला तीन हजार. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यामुळे मुलींचा खर्च कमी बसायचा, पण रिक्षा त्यांनाही पूर्णच, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री गावची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

भांडण झालं ते परतफेडीवरून. बँकेवाला म्हणाला, फुकट दिलं की किंमत राहत नाही, पहिल्या पगारातून परत घ्यायचे, त्याच पैशात पुढचा जाईल, फंड कधी आटणारच नाही. तर्क बिनतोड होता. ताई म्हणाल्या की बेटा, पोरगं उसने घेतलेल्या माणसाचा फोन उचलत नाही. आम्ही ऐकलं नाही. ग्रुपात मत एका माणसाला एक, पैसे कितीही द्या, असा नियम होता आणि बहुमत बँकेच्या बाजूने गेलं.

ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२३ मध्ये १९ जणांना उसने दिले. सात जणांनी पूर्ण परत केले, तिघांनी अर्धेमुर्धे, नऊ जणांनी काहीच नाही. इथपर्यंत ठीक होतं, बँकेवाला म्हणाला की पहिल्याच फेरीत इतकी वसुली वाईट नाही. पण त्या नवांपैकी सहा जणांनी संस्थेचा फोनच उचलणं बंद केलं. त्यातल्या एकाची नोकरी गेली होती, दुसऱ्याच आठवड्यात, आणि ताईंकडे त्याच्यासाठी दुसरी जागा तयार होती, त्याला सांगायला दादा तीनदा फोन करत होता. त्याला वाटलं वसुलीचा फोन आहे. दोन महिन्यांनी कळलं की तो सुरतला गेलाय.

डिसेंबरमध्ये परत मतदान. या वेळी बँकेवाल्याने स्वतःच ठराव मांडला की परत मागायचे नाहीत, कोणाला द्यावेसे वाटले तर संस्थेला देणगी म्हणून देईल, त्याची नोंदही वेगळी ठेवायची नाही. त्या सहा जणांना ताईंनी निरोप पाठवले की पैसे माफ, फोन उचला. दोघांनी उचलला.

आता मागे बघताना वाटतं, चार महिने आणि सहा पोरं घालवायची गरज नव्हती. वीस वर्षं पोरांसोबत काढलेल्या बाईचं म्हणणं आमच्या एक्सेलपेक्षा हलकं धरलं.

फोटोचं प्रकरण

ही चूक माझी. २०२३ च्या श्रावणात कानबाईला पुण्यातले सगळे गावी आलेले, कानबाईच्या रोटांसाठी खानदेशातला माणूस कुठूनही घरी येतोच, म्हणून त्याच वेळी संस्थेत एक छोटा कार्यक्रम ठेवला. पहिल्या चार पोरांना पाकिटं, मागे बॅनर, मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, कोणीतरी ते इन्स्टावर टाकले, तिथून ते एका पोराच्या गावच्या ग्रुपवर.

चौथ्या दिवशी त्या पोराचे वडील संस्थेत आले. पांढरी टोपी, हातात मोबाइल, मोबाइलवर तो फोटो. ओरडले नाहीत. ताईंना म्हणाले, "ताई, मी सालदार नाही, चार एकर आहे माझ्याकडे. पोराला भीक दिली असं गावात म्हणताहेत." ताईंनी पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. पोरगा दुसऱ्या दिवसापासून कामावर गेला नाही.

मी त्यांना फोन केला, माफी मागितली, ते "राहू द्या आता" म्हणाले आणि ठेवला. फोटो काढून टाकले, पण गावच्या ग्रुपवरून कोण काढणार? तेव्हापासून फोटो नाही, पाकीट नाही, कार्यक्रम नाही, पैसे पोराच्या खात्यात किंवा पासच्या खिडकीवर दादाच भरतो. दोन मेंबरना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं की काहीच दिसलं नाही तर पैसे देत राहायचा हुरूप कसा टिकणार. त्यांचं अगदी चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण पुढे ते खरंच गळाले.

आपलाच मेंबर

२०२४ च्या सुरुवातीला प्रॉडक्शनवाल्या मित्राने ताईंना फोन करून दहा पोरं मागितली. बारा तासांची शिफ्ट, ठेकेदाराच्या नावावर, पीएफ-ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) "नंतर बघू". बाहेरच्या कारखान्याला ताईंनी जागेवर नाही म्हटलं असतं, त्यांचा नियमच होता की ईएसआय नाही तर पोरं नाहीत. इथे त्या अडल्या, कारण हा दर महिन्याला पैसे देणाऱ्यांपैकी. त्यांनी डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, "तुमचा माणूस आहे म्हणून पाठवू का?"

तिने तो प्रश्न तसाच्या तसा ग्रुपवर टाकला. माझ्या मते आधी त्याच्याशी एकट्याशी बोलायला पाहिजे होतं, पण झालं ते झालं. तो भडकला, म्हणाला मी काय मालक आहे का, मला वरून सांगितलं तेवढं मी विचारलं, आणि दहा पोरांना काम मिळत होतं ते तुम्हीच घालवताय. रात्री साडेअकरापर्यंत मेसेज चालले. शेवटी ठरलं की मेंबरच्या कंपनीलाही तोच नियम, आणि मेंबरने संस्थेशी भरतीबद्दल बोलताना ग्रुपला आधी सांगायचं. सकाळी त्याने ग्रुप सोडला. शाळेपासूनचा मित्र होता. लग्नाकार्यात भेटतो, बोलतो, या विषयावर नाही.

हा नियम पहिल्या दिवशी लिहिलेला असता तर कोणाच्या तोंडावर फेकल्यासारखा झाला नसता.

निकाल

डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२५, चौदा महिन्यांत ७४ जणांना भाड्याचा फंड दिला, सरासरी २,१०० रुपये. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा ४७ जण कुठल्या ना कुठल्या नोकरीत होते, त्यातले २९ त्याच कंपनीत. हे चांगलं की वाईट? तुलना करायला आधीचा आकडाच नाही, कारण आधी तीन महिन्यांनी कोणी विचारतच नव्हतं. ताईंचा अंदाज की पूर्वी निम्मेही राहत नसत, पण अंदाज तो अंदाज.

गळालेल्या २७ जणांची कारणं संस्थेतल्या त्या मुलीने रजिस्टरमध्ये एकेका ओळीत लिहिली आहेत आणि मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात तेच पान सगळ्यात कामाचं आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) गावी गेले ते आलेच नाहीत, असे पाच. हे तर आमच्या लक्षात यायलाच पाहिजे होतं, आखाजीला खानदेशात कोण कामावर असतं? आता मार्च-एप्रिलमध्ये जॉइन होणाऱ्याला दादा आधीच सांगतो की सुट्टी सुपरवायझरला विचारून घे आणि परतीची तारीख त्याला सांगून जा. जून २०२४ मध्ये पोलीस भरतीची मैदानी चाचणी लागली, चौघं तिकडे. कापूस वेचणीला घरी माणूस नाही म्हणून तीन. आणि त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन, सहा महिने. सहा जण चटईच्या कारखान्यातली नोकरी सोडून गावाजवळच्या सरकारी ऑफिसात गेले. ताई वैतागल्या होत्या, सहा महिन्यांनी हे परत माझ्याच दारात. एक तर आलाही. पण घरातून पायी जाऊन आठ हजार, पंख्याखाली, आणि भाडं शून्य, त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. बाकीच्या नवांचं कारण "फोन लागत नाही".

ग्रुपचं म्हणाल तर चौदाचे दहा झालो. दोन जण आता दोन-दोन हजार देतात, एक डॉक्टर पाचशेवर आली कारण तिने क्लिनिक टाकलं, महिन्याला साधारण अकरा हजार जमतात.

रिपोर्टचंही सांगायचं राहिलं. पहिलं वर्षभर आम्ही दर महिन्याला पीपीटी मागायचो, ऑफिसची सवय, दुसरं काय. ती बनवायला त्या मुलीचे तीन दिवस जायचे, तेच तीन दिवस जे फॉलोअपच्या फोनचे होते. एकदा ती चुकून म्हणाली की दादा, या महिन्यात फोन नाही झाले, तुमचा रिपोर्ट होता. त्यानंतर रिपोर्ट बंद, आता तीन महिन्यांतून एकदा रजिस्टरच्या पानांचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो, नावं झाकून, आणि अर्धा तास सगळे फोनवर.

सध्या कुठे आहे

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पास वाढला, पाठोपाठ शेअर रिक्षावाल्यांनीही वाढवलं. फेब्रुवारीच्या फोनवर ताई म्हणाल्या की २,१०० मध्ये आता पोरगं पस्तीस दिवस निघत नाही, तिसाव्या दिवशी फोन येतो. २,४०० करायचे तर आहे त्या पैशांत महिन्याला पाचच्या ऐवजी साडेचार पोरं, म्हणजे कधी चार कधी पाच, नाहीतर प्रत्येकाने शंभर-दीडशे जास्त टाकायचे. डॉक्टर मैत्रिणीचं म्हणणं की आधी त्या मुलीचा मोबाइल रिचार्ज आणि थोडा पगार आपण उचलू, फॉलोअप झाला नाही तर भाडं देऊन उपयोग काय. बँकेवाला या वेळी म्हणाला की ताईंना विचारा, त्या सांगतील ते. ताई म्हणाल्या, पैसे तुमचे आहेत, तुम्ही ठरवा.

मग पोल टाकला. आज सकाळपर्यंत दहापैकी चार मतं आली होती.